पाडण्याआधी दुरुस्ती मागा

पावसाळा तोंडावर आला की म्हाडाचं इमारत दुरुस्ती मंडळ दक्षिण मुंबईतल्या अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करतं. गिरगाव, भुलेश्वर, डोंगरी, माझगाव, लालबागचे लोक पेपरात आपल्या इमारतीचं नाव शोधतात. नाही सापडलं की जीव भांड्यात पडतो. सापडलं तर पुढचं सगळं पाठ असतं. घर रिकामं करा, गोरेगावच्या नाहीतर प्रतीक्षानगरच्या संक्रमण शिबिरात जा, आणि परत कधी येणार हे कुणी सांगणार नाही. काही कुटुंबांच्या तिकडेच पिढ्या बदलल्या.

इमारत एका रात्रीत अतिधोकादायक होत नाही. आधी गळती लागते, मग भिंतीला ओल येते, मग गॅलरीचा कठडा हलायला लागतो, मग मंडळाची माणसं येऊन टेकू लावून जातात. ते टेकू वर्षानुवर्षं तसेच राहतात आणि पोरं त्यांच्याभोवती खेळत मोठी होतात. यादीत नाव येण्याआधीची ही जी पंधरा-वीस वर्षं असतात, त्यांत इमारत वाचवता येते. कायदा तसं म्हणतो, त्यासाठी मंडळ आहे, त्यासाठी करही वसूल होतो. तरीही आज चाळीच्या सभेत कुणी ‘आधी दुरुस्ती करून घेऊ’ म्हणालं की लोक त्याला वेड्यात काढतात. सगळी चर्चा थेट टॉवरची, किती फुटांची, किती कॉर्पसची. दुरुस्तीचा हक्क कागदावर जिवंत आहे आणि व्यवहारात मरायला टेकला आहे. तो वाचवायला हवा, आणि तो आपल्यालाच वाचवावा लागेल, एवढ्यासाठी हा लेख आहे.

हा हक्क कुठून आला ते तरुण पिढीला ठाऊक नसेल. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली जुनी भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. गिरणगावात आणि गिरगावात लाखो कष्टकऱ्यांना त्यामुळे डोक्यावर छप्पर टिकवता आलं. पण पंधरा-वीस रुपये भाड्यात घरमालक कौलंसुद्धा बदलेना. साठच्या दशकात पावसाळ्यात घरं पडून माणसं दगावू लागली. सरकारने बेडेकर समिती नेमली आणि १९६९ साली इमारत दुरुस्ती व पुनर्रचनेचा कायदा झाला. त्यामागे सरळ सौदा होता. भाडं गोठवलेलं राहील, भाडेकरूला कुणी हुसकावणार नाही, पण जुन्या इमारतींवर उपकर बसेल. तो मालमत्ता कराबरोबर महापालिका वसूल करेल, सरकार आणि पालिका त्यात भर घालतील, आणि त्या पैशातून मंडळ इमारती दुरुस्त करेल. पुढे म्हाडा कायदा आला, १९७७ साली म्हाडा स्थापन झाली, आणि ही सगळी जबाबदारी त्या कायद्याच्या आठव्या अध्यायात जाऊन बसली.

उपकर लागलेल्या इमारतींचे तीन गट पडतात. १ सप्टेंबर १९४०च्या आधी बांधलेल्या ‘अ’ गटात, तिथपासून १९५० अखेरपर्यंतच्या ‘ब’ गटात, आणि त्यानंतर ३० सप्टेंबर १९६९पर्यंतच्या ‘क’ गटात. मूळ यादीत १९,६४२ इमारती होत्या, त्यांतल्या १६,५०२ एकट्या ‘अ’ गटातल्या. आज सगळ्या मिळून १३ हजारांच्या आसपास उरल्या आहेत. त्यांत राहणारी माणसं लाखांत मोजावी लागतात. या माणसांनी आणि त्यांच्या आईबापांनी पन्नास वर्षं उपकराचा भार सोसला आहे. त्यामुळे दुरुस्ती मागताना कुणीही हात पसरल्यासारखं वाटून घेऊ नये. आपण भरलेल्या पैशाचा हिशोब मागतो आहोत.

मग दुरुस्ती होत का नाही? पहिलं कारण मर्यादेचं. मंडळ एका इमारतीवर किती खर्च करू शकतं याची प्रति चौरस मीटर रक्कम कायद्याखाली ठरवलेली असते. खर्च तिच्या वर जाणार असेल तर वरचा भार रहिवाशांनी उचलायचा, नाहीतर इमारत परवडणाऱ्या खर्चात दुरुस्त होण्यापलीकडे गेल्याचं ठरवून पुनर्रचनेकडे वळायचं. मर्यादा वेळोवेळी वाढवली गेली हे खरं. पण सागवान, लोखंड, मजुरी यांचे भाव रोज चढतात आणि मर्यादा वर्षांच्या अंतराने उडी मारते. मधल्या काळात अभियंता काय करणार? मर्यादेत बसेल तेवढाच कोपरा दुरुस्त करणार. पुढचा जिना झाला, मागचा राहिला. तिसऱ्या मजल्याची गॅलरी झाली, संडासाच्या बाजूची भिंत राहिली. जिथे पाणी मुरतं तीच जागा राहिली, तर बाकी केलेलं काम चार पावसाळ्यांत वाया जातं. मग पुढचा अहवाल लिहितो की दुरुस्ती करूनही इमारत सुधारली नाही, सबब पाडा.

गिरगावातल्या एका चाळीत दुरुस्तीचं काम मी जवळून पाहिलं. सुतार हातोडीने तुळईवर ठोकत भिंतीकडे सरकत होता. मधोमध खणखणीत आवाज. भिंत हातभर अंतरावर आली आणि आवाज बद्द झाला. त्याने पटाशी टेकवली तर ती लोण्यात शिरावी तशी आत गेली, हातात ओला भुसा आला. वरच्या मजल्यावरच्या मोरीचं पाणी कित्येक वर्षं त्या भिंतीत मुरत होतं. बाकीची तुळई जुन्या ब्रह्मदेशी सागाची, आज बाजारात मिळणार नाही अशी. त्यांनी खाली टेकू देऊन मजल्याचा भार उचलला, कुजलेलं टोक कापलं, दुसऱ्या पडलेल्या घरातून आणलेला सागाचा तुकडा दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या लावून बोल्टांनी जोडला, भिंतीतल्या कप्प्यात लाकडाभोवती हवा खेळेल एवढी फट ठेवली. आणि मोरीचा पाइप बदलला. तो बदलला नसता तर नवं टोकही कुजलं असतं. काही दिवसांचं काम. वरच्या बिऱ्हाडाने तेवढे दिवस पुढच्या खोलीत स्वयंपाक केला, घर सोडलं नाही.

मुंबईच्या जुन्या चाळींना जे रोग होतात ते बहुतेक असेच आहेत. विटा आणि चुन्याच्या जाड भिंती, लाकडी खांब, तुळया, मंगलोरी कौलं. यांतलं प्रत्येक अंग वेगळं काढून बदलता येतं. त्यांना मारतं ते पाणी, वाळवी, भिंतीत रुजलेलं पिंपळाचं रोप, आणि चुन्याच्या भिंतीवर थापलेला सिमेंटचा गिलावा, जो ओल आतच कोंडून ठेवतो. आणखी एक गोष्ट मारते, तीही सांगितली पाहिजे. आपणच घातलेला पोटमाळा, आपणच वरच्या खोलीत बांधलेला संडास, गच्चीवर चढवलेल्या टाक्या, तळमजल्याच्या दुकानासाठी छाटलेली भिंत. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची साई दर्शन इमारत पडली आणि १७ माणसं गेली. ती उपकरातली चाळ नव्हती. तिच्या तळमजल्यावर चाललेल्या फेरफारात खांबांना हात लागल्याचं पुढे आलं. दुरुस्तीचा हक्क मागणाऱ्याने आपल्या खोलीत भिंत तोडायची नसते, हे चाळीचं मंडळच ठणकावून सांगू शकतं. पालिकेचा माणूस प्रत्येक दारात उभा राहू शकत नाही.

दुसरं कारण तपासणीचं, आणि इथे मोठी गोची आहे. मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब प्रमाणे ३० वर्षं उलटलेल्या इमारतीची नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून तपासणी करून घ्यावी लागते, आणि त्यानंतर दर १० वर्षांनी पुन्हा. त्या तपासणीवरून इमारत सी-१, सी-२ए, सी-२बी किंवा सी-३ या वर्गात जाते. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे लोक राहत असतानाच मोठी दुरुस्ती, आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. चार वर्गांपैकी तीन दुरुस्तीचे आहेत, हे चाळीत किती जणांना ठाऊक असतं? नोटीस जिन्याच्या भिंतीला चिकटवली की लोक ‘धोकादायक’ एवढाच शब्द वाचतात.

त्यात पुन्हा ज्या चाचण्यांवर सगळा भर दिला जातो, त्या मुळात काँक्रीटच्या आहेत. अल्ट्रासोनिक लहरींचा वेग, रिबाउंड हातोडा, सळ्यांच्या गंजाची विद्युत चाचणी, कार्बोनेशनची खोली, कोअर काढून दाबाची चाचणी. विटा-चुन्याच्या आणि लाकडाच्या इमारतीबद्दल या चाचण्या काय सांगणार? तिथे भिंत ओळंब्यात आहे का ते बघावं लागतं. प्रत्येक तुळईचं टोक ठोकून पाहावं लागतं, चुना हाताने चुरावा लागतो, पाणी कुठून येतं ते शोधावं लागतं. हे काम मेहनतीचं आहे आणि ते येणारे लोक कमी आहेत. ते न करता लिहिलेल्या अहवालावर शेकडो माणसांचं घर पाडायचं की ठेवायचं ते ठरू नये.

मालकाच्या इंजिनीअरने सी-१ म्हटलं आणि रहिवाशांच्या इंजिनीअरने सी-२ म्हटलं, तर पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे प्रकरण जातं. ही सोय भाडेकरूंनी पुरेपूर वापरावी अशी आहे. जाणकारांची मतं किती वेगळी पडू शकतात ते काळा घोड्याजवळच्या एस्प्लनेड मॅन्शनच्या बाबतीत सगळ्या शहराने पाहिलं. १८६०च्या दशकात ओतीव लोखंडाचे खांब इंग्लंडहून आणून उभं केलेलं हे वॉटसन हॉटेल. १८९६च्या जुलैत ल्युमिएर बंधूंची चलतचित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली गेली ती इथेच. २०१९ साली ते रिकामं केलं गेलं. आयआयटी मुंबईच्या अहवालाने पाडण्याचा सल्ला दिला, तर संवर्धनाचा अनुभव असलेल्या तज्ज्ञांनी ते सावरता येईल असं सांगितलं. एवढ्या प्रसिद्ध वास्तूबद्दल दुसरं मत उभं राहिलं, कारण तिच्यासाठी बोलणारे लोक होते. कुंभारवाड्यातल्या एखाद्या चाळीसाठी दुसरं मत कोण उभं करणार? तिचे रहिवासीच.

तिसरं कारण पैशाचं, आणि ते सगळ्यांत जड आहे. विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(७)खाली उपकरप्राप्त इमारत पाडून नवी बांधली की एफएसआय (चटई क्षेत्र निर्देशांक) ३ मिळतो, किंवा जुन्या रहिवाशांच्या पुनर्वसनाला लागेल तेवढा आणि वर ५० टक्के प्रोत्साहन. अनेक भूखंड एकत्र केले तर प्रोत्साहन ७० टक्क्यांपर्यंत जातं. हा वरचा एफएसआय खुल्या बाजारात विकला जातो, आणि दक्षिण मुंबईत त्याचे भाव काय आहेत ते वेगळं सांगायला नको. दुरुस्ती करणाऱ्याला काय मिळतं? काहीच नाही. मालकाला नाही, भाडेकरूला नाही, आणि दुरुस्तीच्या कंत्राटातून मंडळालाही नाही. पाडण्याला बक्षीस आणि जपण्याला खर्च, असा नियम असेल तर इमारती कुजवल्या जातील यात नवल काय? २०२२च्या दुरुस्तीने म्हाडा कायद्यात ७९-अ कलम आलं. इमारत धोकादायक ठरली की मालकाला पुनर्विकासाच्या प्रस्तावासाठी सहा महिने, त्याने काही केलं नाही तर भाडेकरूंच्या संस्थेला सहा महिने, तरीही हललं नाही तर म्हाडा स्वतः. ज्या इमारतीचा मालक गायब आहे आणि जी खरोखर मोडकळीला आली आहे तिच्या रहिवाशांना हा मोठा दिलासा आहे. पण ‘धोकादायक’ हा शिक्का आता साऱ्या कुलपांची किल्ली झाला आहे, म्हणून तो शिक्का कसा मारला जातो याकडे पूर्वीपेक्षा जास्त डोळ्यांत तेल घालून पाहायला हवं. ७९-अच्या नोटिसांवरून प्रकरणं उच्च न्यायालयात गेली ती उगाच नाही.

पुनर्विकास ठरला म्हणजे जीव वाचले, असंही नसतं. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली, ३३ माणसं गेली. ती भेंडी बाजारच्या मोठ्या पुनर्विकास योजनेतली होती. काही कुटुंबं हलली होती, बाकीची तिथेच राहत होती. ‘आता पाडायचीच आहे, मग दुरुस्त कशाला करायची’ हे वाक्य मुंबईत रोज कुठेतरी बोललं जातं. करार झाला आणि काम सुरू झालं नाही, असा जो मधला काळ असतो तो रहिवाशांसाठी सगळ्यांत धोक्याचा असतो. त्या काळात मालक हात झटकतो, बिल्डर परवानग्यांच्या मागे असतो, मंडळ म्हणतं एनओसी दिली आहे. २०१९च्या जुलैत डोंगरीची केसरबाई इमारत पडली, १३ बळी गेले, आणि लगेच पडलेला भाग कुणाच्या यादीतला यावर वाद सुरू झाला. मेलेल्या माणसाला तो भाग कुणाच्या अखत्यारीत होता याने काय फरक पडतो?

इथे एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. शंभर-सव्वाशे फुटांच्या खोलीत सहा माणसं राहतात, मध्यरात्री म्हातारी आई गॅलरीच्या टोकाला असलेल्या सामायिक संडासात काठी टेकत जाते, मुलाचं लग्न जागेपायी अडतं. त्या घरातल्या माणसाला तीनशे फुटांचं स्वतःचं घर हवं असेल तर त्याला नावं ठेवायचा अधिकार कुणालाही नाही. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या १६० फुटांच्या खोलीतून ५०० फुटांच्या घरात गेलेल्या कुटुंबांचा आनंद खरा आहे. ज्या इमारतीचं आयुष्य खरंच संपलं आहे ती पाडलीच पाहिजे. माझं म्हणणं त्या इमारतींबद्दल आहे ज्यांचं आयुष्य संपलेलं नाही, ते संपवलं जातंय. आणि दुरुस्ती म्हणजे नुसते टेकू नव्हेत. दुरुस्तीत मागच्या बाजूला स्वतंत्र पायावर संडास-न्हाणीचा वेगळा मनोरा उभा करून प्रत्येक बिऱ्हाडाला दार देता येतं. सगळं पाणी जुन्या भिंतींपासून दूर जातं आणि इमारतीचं आयुष्य वाढतं. जिना रुंद करता येतो, विजेच्या वायरिंगचं जंजाळ बदलता येतं. यासाठी नियमांत थोडी जागा हवी आणि पैसा हवा. टॉवरच्या पुनर्वसनाला लागतो त्याच्या तुलनेत तो फार कमी आहे. शिवाय कुणाला संक्रमण शिबिरात जावं लागत नाही, भाड्याच्या चेकची वाट पाहावी लागत नाही.

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने याबाबत केलेलं काम आपल्या नियम करणाऱ्यांनी वाचावं असं आहे. तिथेही जुन्या इमारतीत खर्चाची ठराविक टक्केवारी ओलांडली की संपूर्ण इमारतीला नव्या बांधकामाचे सगळे नियम लागू होत. परिणामी मालक हातच लावत नसत, शहरांच्या मध्यभागी जुनी घरं ओस पडत चालली होती. १९९८पासून त्यांनी जुन्या इमारतींसाठी वेगळी संहिता लागू केली. दुरुस्ती, नूतनीकरण, फेरफार, पुनर्रचना अशा पायऱ्या ठरवल्या, आणि जेवढ्या कामाला हात लावाल तेवढ्यापुरतेच वाढीव नियम, असं धोरण ठेवलं. आगीपासून सुरक्षितता, बाहेर पडायचा मार्ग, या बाबतीत तडजोड नाही. बाकी जुनं आहे ते चालत असेल तर चालू द्या. आपली सी-१ ते सी-३ वर्गवारी वरवर अशीच दिसते, पण ती धोक्याच्या पायऱ्या सांगते. कुठल्या पायरीला काय काम, ते किती दिवसांत, कुणाच्या पैशाने, हे सांगणारी दुरुस्तीची संहिता आपल्याकडे नाही. ती हवी.

घरमालकांबद्दलही दोन शब्द. त्यांना खलनायक ठरवून हा प्रश्न सुटत नाही. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला चार टक्के भाडेवाढ दिली, पण मूळ भाडंच इतकं थोडं की शंभर रुपयांवर चार रुपये चढतात. त्याच कायद्याच्या कलम १४ प्रमाणे घर राहण्याजोगं ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. त्याने केलं नाही तर भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस द्यावी, वाजवी मुदतीत काम झालं नाही तर स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करावा, अशी सोय आहे. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त वळता करता येत नाही. महिना शंभर रुपये भाडं असेल तर वर्षाचे झाले बाराशे, आणि चतुर्थांश तीनशे. तीनशे रुपयांत आज प्लंबर घरी येऊन पाइप नुसता बघून जातो. ही तरतूद चांगल्या हेतूने केलेली आहे आणि आकड्याने तिचा जीव घेतला आहे. जे भाडेकरू जास्त भाडं देऊ शकतात त्यांनी ते द्यावं, पण वाढीचा पैसा इमारतीच्या दुरुस्ती खात्यातच जावा आणि त्यावर मालक-भाडेकरू दोघांची सही लागावी, असा बदल भाडेकरू संघटनांनी स्वतःहून मागायला हवा. फुकट काही मागत नाही असं आपण म्हणायचं असेल तर ते कृतीतही दिसलं पाहिजे.

सरकारकडे आपलं मागणं काय, तेही स्पष्ट असू द्या. दुरुस्तीच्या खर्चाची मर्यादा सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीला बांधा, म्हणजे ती दरवर्षी आपोआप वाढेल आणि मंत्रालयाच्या मर्जीवर राहणार नाही. सी-१चा कोणताही अहवाल दुरुस्तीचा अंदाजी खर्च मांडल्याशिवाय स्वीकारू नका. दुरुस्ती शक्य नाही असं इंजिनीअरला म्हणायचं असेल तर का नाही, ते तुळईवार आणि भिंतीवार लिहून द्यावं. लाकूड-चुन्याच्या इमारतींसाठी तपासणीची वेगळी पद्धत ठरवा. पुनर्विकासाचा करार झालेल्या इमारतीची, शेवटचं कुटुंब बाहेर पडेपर्यंतची दुरुस्ती विकासकावर बंधनकारक करा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे जपण्यालाही मोबदला द्या. वारसा यादीतल्या इमारतींना विकास हक्क गमावल्याबद्दल टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) देण्याची तरतूद नियमावलीत आहेच. मुंबईने १९९५ साली वारसा नियम केले, देशात असं पाऊल पहिल्यांदा उचलणारं हे शहर. तोच विचार साध्या चाळीपर्यंत आणायचा आहे. जी इमारत दुरुस्त होऊन पुढची तीस वर्षं उभी राहणार, तिला न वापरलेल्या विकास हक्काचा काही भाग विकू द्या, आणि तो पैसा त्याच इमारतीच्या देखभालीत बांधून ठेवा. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३पासून सार्वजनिक गणपती बसतो. त्या चाळींचं महत्त्व एखाद्या गॉथिक मनोऱ्यापेक्षा कमी आहे असं ज्याला वाटतं त्याने एकदा भाद्रपदात तिथे जाऊन यावं.

आता चाळकऱ्यांसाठी. नेते, बिल्डर, वकील येतील तेव्हा येतील, आपली कागदपत्रं आधी हवीत. गेल्या वीस वर्षांत आपल्या इमारतीवर मंडळाने किती खर्च केला, कोणतं काम केलं, उपकर किती गोळा झाला, हे माहितीच्या अधिकारात मागा. मिळालेलं उत्तर चाळीच्या फलकावर लावा. तपासणी अहवालाची पूर्ण प्रत मागा, एक पानी निष्कर्षावर समाधान मानू नका. सी-१ची नोटीस आली तर वर्गणी काढून दुसरा इंजिनीअर नेमा, ज्याने चुन्या-लाकडाचं काम हाताळलं आहे असा, आणि त्याचा अहवाल घेऊन सल्लागार समितीकडे जा. फरशी, गिलावा, कौलं यांसारख्या किरकोळ दुरुस्तीला पालिका कायद्याच्या कलम ३४२खाली परवानगी लागत नाही, त्यामुळे कौल फुटलं तर परवानगीच्या नावाखाली कुणालाही चिरीमिरी देऊ नका. मोठ्या कामाला मंडळाचा ना-हरकत दाखला घ्या.

आणि घर रिकामं करायची वेळ आलीच तर आपल्या खोलीचं मोजमाप होऊन, रहिवाशांच्या यादीत नाव-क्षेत्रफळ नोंदल्याचा कागद हातात पडल्याशिवाय किल्ली देऊ नका. इमारत पडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात स्पष्ट केलं आहे. ‘आता इमारतच नाही तर भाडेकरू कसला’ असं कुणी दरडावलं तर त्याला हा निकाल दाखवा. मात्र इंजिनीअर सांगतोय की आज रात्री इथे झोपू नका, तर मोजमाप उरकून त्याच दिवशी बाहेर पडा. म्हाताऱ्यांना आणि लेकरांना आधी हलवा. हक्काची लढाई बाहेरूनही लढता येते.

तरुणांनी एक काम करावं. चाळीत दर पावसाळ्याआधी आणि नंतर एकदा सगळी इमारत फिरून फोटो काढा. कुठे ओल, कुठे पिंपळ, कुठला टेकू हलला, तारखेसकट वहीत नोंदवा. मंडळाच्या आणि न्यायालयाच्या दारात अशी वही शंभर भाषणांपेक्षा जास्त बोलते. आणि ज्या चाळीत हे काम आधीच चालू आहे त्यांनी शेजारच्या चाळीला शिकवावं. एका गल्लीतल्या पाच इमारतींनी मिळून एकच इंजिनीअर, एकच सुतार-गवंड्यांची टोळी ठरवली तर खर्च उतरतो आणि मंडळावरचा रेटा वाढतो. गणेशोत्सवाची वर्गणी गोळा करणारी आपली मंडळं एवढं सहज करू शकतात. वर्गणीचं पावती पुस्तक, घरोघर फिरणारी पोरं, हिशोब ठेवणारा खजिनदार, सगळं आहेच.

येत्या रविवारी सभा बोलवा. विषय एकच ठेवा, दुरुस्तीचा अर्ज. त्यावर जेवढ्या सह्या मिळतील तेवढ्या घ्या, घरमालकालाही बोलवा आणि त्याची सही मागा. अर्ज मंडळाच्या तुमच्या विभागाच्या कार्यकारी अभियंत्याच्या नावे करा. आमदार, नगरसेवक आणि पालिकेच्या वॉर्ड ऑफिसला प्रती द्या. गळतीचे आणि टेकूंचे फोटो जोडा. मुदत लिहा, पंधरा दिवसांत पाहणी व्हावी अशी. आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट पोच शिक्का घेतल्याशिवाय त्या टेबलावरून उठू नका.